डेंटल लॅबसाठी मिलिंग मशीन घेताय? आधी महिन्याच्या कॅप मोजा

दाताची कॅप दवाखान्यात बसवतात, पण ती बनते लॅबमध्ये. आपल्या समाजातला एखादा मुलगा किंवा मुलगी डेंटल मेकॅनिकचं काम शिकते, मुंबई-वसईच्या मोठ्या लॅबमध्ये हात बसवते आणि मग पालघर किंवा बोईसरला छोटा गाळा घेऊन स्वतःचं काम सुरू करते. काही दिवसांनी घरात विषय निघतो, "अब्बा, मिलिंग मशीन घ्यायचंय." आकडा ऐकून सगळे गप्प होतात. कारण तो पैसा अम्मीच्या दागिन्यांतून, चाचांच्या बचतीतून किंवा बँकेच्या कर्जातून येणार असतो. म्हणून हा विषय लॅबवाल्यांपुरता नाही, त्यांच्या घरच्यांनीही समजून घ्यावा असं आम्हाला वाटतं.

आधी मशीन करतं काय ते पाहू. डॉक्टरांकडून आलेल्या मापाचं मॉडेल स्कॅनरमध्ये ठेवतात, कॉम्प्युटरवर कॅपचं डिझाइन करतात आणि मग मशीन झिरकोनियाच्या गोल डिस्कमधून ती कॅप कोरून काढतं. हा झिरकोनिया त्या वेळी खडूसारखा मऊ असतो. नंतर साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला की तो दगडासारखा कडक होतो आणि सुमारे २० टक्के आकसतो. म्हणून मशीन कॅप मुद्दाम मोठी कोरतं. आकसण्याचं प्रमाण प्रत्येक डिस्कवर छापलेलं असतं आणि ते सॉफ्टवेअरमध्ये बरोबर भरावं लागतं. हा आकडा चुकला तर कॅप घट्ट किंवा सैल होते, आणि शिव्या मात्र मशीनला बसतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नुसतं मशीन घेऊन काम सुरू होत नाही. स्कॅनर, डिझाइनचं सॉफ्टवेअर, भट्टी, कॉम्प्रेसर, धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि यूपीएस हे सगळं लागतं. सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे भरायचे की एकदाच, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आम्हाला विचाराल तर दोन मशीनच्या किमतींची तुलना करण्यापेक्षा या पूर्ण यादीची तुलना करा.

आता हिशेब. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा सगळं मिळून २० लाख लागले आणि ते ५ वर्षांत वसूल करायचे आहेत, तर महिन्याला सुमारे ३३ हजार झाले. वीज, सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार धरा. म्हणजे ४८ हजार. आज एक कॅप बाहेरून मिलिंग करून आणायला ५०० रुपये जात असतील आणि घरी डिस्क व टूलचा खर्च २०० येणार असेल, तर एका कॅपमागे ३०० वाचतात. ४८ हजार भागिले ३०० म्हणजे महिन्याला १६० कॅप. २६ दिवस काम धरलं तर रोज सहा. त्यातही बिघडून पुन्हा कराव्या लागणाऱ्या कॅप मोजलेल्या नाहीत आणि डॉक्टरांकडची उधारी तर नाहीच नाही.

रोज दोन-तीन कॅप होत असतील तर मशीन घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. त्याऐवजी स्कॅनर आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर घ्या, फाइल मोठ्या मिलिंग सेंटरला पाठवा, तयार माल आला की फिनिशिंग आणि ग्लेझ स्वतः करा. खरं कौशल्य डिझाइन आणि फिनिशिंगमध्येच आहे आणि ते तुमच्या हातात राहतं. सहा महिने असं काम केलं की महिन्याचा आकडा आपोआप कळतो.

आकडा जमत असेल तर पुढचा प्रश्न येतो, कोरडं मशीन की पाण्याचं? झिरकोनिया कोरडाच कोरतात. काचेसारख्या सिरॅमिकला आणि टायटॅनियमला पाणी लागतं. दोन्ही करणारी मशीन मिळतात, पण पाण्यात झिरकोनियाची भुकटी मिसळली की चिखल होतो आणि प्रत्येक बदलाला साफसफाई करावी लागते. छोट्या लॅबला कोरडं पुरेसं आहे. धातूचं काम बाहेरून करून घेतलेलं बरं.

चार अक्षांचं की पाच, यावर विक्रेते तासभर बोलतील. साध्या कॅप आणि छोटे ब्रिज चार अक्षांवर होतात. लांब ब्रिज, वाकडे दात, इम्प्लांटचं तिरकं छिद्र अशी कामं नेहमी येत असतील तर पाच अक्ष घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मशीन ओपन असावं. म्हणजे ९८ मिलिमीटरची कोणत्याही कंपनीची डिस्क बसावी आणि कोणत्याही डिझाइनची फाइल चालावी. मशीन स्वस्त आणि डिस्क फक्त त्यांचीच, असा सौदा पुढे महाग पडतो.

आपल्या भागाच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे लाइट. पावसाळ्यात ती कधी जाईल सांगता येत नाही. कोरताना मशीन बंद पडलं तर टूल तुटतं, तुकडा वाया जातो. त्यामुळे ऑनलाइन यूपीएस हवाच. भट्टी मात्र साध्या यूपीएसवर चालत नाही. इशानंतर भट्टी लावली की सकाळी कॅप तयार, असं वेळापत्रक छान वाटतं, पण रात्री वीज गेली तर काय? वीज आल्यावर भट्टी तिथूनच पुढे चालते का, हे विचारा. गाळ्याचा मंजूर वीजभार पुरेल का, तेही महावितरणकडे आधीच तपासा. दुसरी अडचण दमट हवेची. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते हवेबरोबर मशीनमध्ये गेलं की स्पिंडलची वाट लागते. एअर ड्रायर बसवा आणि टाकीतलं पाणी रोज काढा. लॅब घरातच असेल तर कोरायची आणि घासायची खोली वेगळी ठेवा. ती बारीक धूळ मुलांच्या श्वासात जायला नको.

पैशांचं बोलू. मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीत अल्पसंख्याक अर्जदार विशेष गटात येतात. त्यांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे. म्हणून गाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे की नगरपरिषदेच्या, हे पाहा. मात्र ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू लॅबला पहिल्यांदा लागू होत नाही. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. व्याज नको म्हणून बरीच घरं भागीदारीत मशीन घेतात. तसं करताना नफ्याचा वाटा, तोटा कोणाचा आणि एक भाऊ बाहेर पडला तर मशीन कोणाकडे, हे कागदावर लिहा. विक्रेत्याचा "शून्य टक्के हप्ता" असेल तर रोख किंमत वेगळी विचारा. फरक तिथेच दिसतो.

सौदा ठरवण्याआधी ते मशीन वापरणाऱ्या दोन लॅबना भेटा. बिघडलं तर इंजिनिअर कुठून येतो, किती दिवसांत येतो, स्पिंडल खराब झाला तर तोवर दुसरा मिळतो का, हे त्यांनाच विचारा. डेमोला जाताना विक्रेत्याची तयार फाइल चालवू देऊ नका. तुमची स्वतःची अवघड केस, पातळ कडेचा तीन दातांचा ब्रिज, फाइल आणि मॉडेलसह घेऊन जा. तो भट्टीतून निघाल्यावर मॉडेलवर बसवून भिंगाखाली कडा पाहा. कडेला फट दिसली तर दुसरा काढायला सांगा आणि तो निघेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.