गेंदाची जात ओळखायची कशी?

पावसाळ्याच्या शेवटी कासच्या पठारावर गेला असाल, तर गेंद तुम्ही पाहिलाच असणार. बारीक दांड्यांवर पांढरे मणी खोचल्यासारखे दिसतात ना, तेच. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन.

एक रोप नीट बघा. खोड जवळजवळ नाहीच. गवतासारखी पानं जमिनीलगत झुबक्यानं येतात आणि त्यांच्या मधून पीळदार दांडे वर येतात. टोकावरचा मणी म्हणजे एक फूल नव्हे, तो गुच्छ आहे. त्यात नर आणि मादी अशी वेगवेगळी, मिलिमीटरभराची अनेक फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. पांढरेपणा बहुतेक वेळा फुलांवरच्या आणि त्यांच्यालगतच्या छदांवरच्या सूक्ष्म केसांमुळे दिसतो.

आता खरी अडचण. जगात एरिओकॉलॉनच्या ४०० हून अधिक जाती आहेत आणि लांबून त्यातल्या कितीतरी सारख्याच दिसतात. मग आम्ही गुच्छ सुईनं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. परागकोश काळे की पांढरे? मादी फुलाला पाकळ्या आहेत का? एवढं करूनही पुष्कळदा अडतं. तेव्हा निकाल देतं ते बी. ते साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पण त्याच्या सालीवर पेशींची जाळी असते आणि त्या जाळीवर बारीक काटे. ही नक्षी जातीजातीत वेगळी असते.

गोची अशी की ही नक्षी पिकलेल्या बीवरच नीट दिसते. म्हणजे पठार फुलांनी भरलेलं असताना गोळा केलेला नमुना देखणा असतो, पण पुष्कळदा अर्धवट. रोपं पिवळी पडायला लागली, पर्यटक कमी झाले, की पुन्हा त्याच जागी जावं लागतं.

आणि हीच वेळ रोपासाठीही मोलाची. आपल्या सड्यांवरचे बहुतेक गेंद वर्षायू आहेत. पाऊस सरला, कातळावरची पातळ माती सुकली, की रोप मरतं. खाली कंद नाही, त्यामुळे पुढच्या पावसाची मदार बियांवरच. फुलात असताना रोप तुडवलं गेलं, तर त्याचं त्या वर्षीचं बी गेलं. काही जाती तर मोजक्याच पठारांवर सापडतात.

म्हणून फोटो जरूर काढा, पण पायवाटेवरूनच. तुमच्या बुटाखाली आलेला गेंद कुठल्या जातीचा होता, हे मग कुणालाच सांगता येणार नाही.