पहिल्यांदाच व्हॉलीबॉल संघ हाती घेताना

शाळेचा व्हॉलीबॉल संघ पहिल्यांदाच तुमच्याकडे आला, की घाई होते ती स्मॅश शिकवायची. मुलांनाही तेच हवं असतं. पण लहान गटात गुण जातात ते सर्व्हिस नेटमध्ये अडकल्याने, नाहीतर समोरून आलेली सर्व्हिस उचलता न आल्याने. तेव्हा आधी अंडरआर्म पास आणि खालून सर्व्हिस, स्मॅश नंतर.

मैदान 18 बाय 9 मीटर, नेट पुरुषांसाठी 2.43 आणि महिलांसाठी 2.24 मीटर. ही मापं मोठ्यांची. सरावात नेट खाली आणा, सरळ दोरी बांधली तरी चालते. सर्व्हिस मैदानाच्या आतून करू द्या. जमली की एकेक पाऊल मागे.

सहाजण खेळतायत आणि बाकीचे आठ चेंडू आणायला धावतायत, असा सराव तर नकोच! छोटे चौकोन आखून तीन-तीनचे संघ करा. चेंडू कमी असतील तर काहींना भिंतीवर पास करायला लावा.

आता रोटेशन. सर्व्हिस परत मिळवली की संघ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक जागा सरकतो, म्हणजे कच्च्या मुलालाही सर्व्हिस करावीच लागते. मग काहीजण शेजारच्याला सांगतात, "त्याचा बॉल तूच घे." त्या मुलाला हे लगेच कळतं, आणि पुढच्या आठवड्यात तो मैदानावर दिसत नाही. त्याच्या सर्व्हिससाठी रोज दहा मिनिटं वेगळी काढा, इतरांचा सराव सुरू व्हायच्या आधी.