निकाल हाती येण्याआधीच स्वीकारलेला पेपर

‘प्री-रजिस्ट्रेशन’ हा शब्द तुम्ही रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात ऐकला असेल. तो मानसशास्त्रात 2010 नंतर गाजला. पण त्याची एक जुनी आवृत्ती सापडते ती नेदरलंड्सच्या परामानसशास्त्रात, म्हणजे टेलिपथी, अतींद्रिय ज्ञान वगैरेंच्या अभ्यासात.

सुरुवात ग्रोनिंगनची. 1920 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेरार्ड हेमन्स यांनी व्हान डाम नावाच्या विद्यार्थ्यावर प्रयोग केले. डोळे बांधलेल्या व्हान डामसमोर 48 चौकटींचा पट होता. प्रयोगकर्त्यांनी मनात धरलेल्या चौकटीवर त्याने बोट ठेवायचं. 187 पैकी 60 वेळा ते बरोबर पडलं. नुसत्या योगायोगाने किती पडलं असतं? 187 भागिले 48, म्हणजे जेमतेम 4. आकडा भारीच आहे. पण काही फेऱ्यांत प्रयोगकर्ते त्याच खोलीत होते, मग नकळत इशारा मिळाला नसेल कशावरून? आकडा मोठा म्हणून ही शंका मिटत नाही.

पुढे उट्रेख्त विद्यापीठात डब्ल्यू. एच. सी. टेनहाफ 1953 मध्ये या विषयाचे प्राध्यापक झाले. अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या हेरार्ड क्रोइसेटच्या ‘यशाच्या’ कथा त्यांनी जगभर पोचवल्या. 1980 च्या दशकात पत्रकार पीट हाइन हूबेन्स यांनी त्यातल्या काही कथा मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि त्या रंगवलेल्या निघाल्या.

उट्रेख्तमध्येच 1970 च्या दशकात मार्टिन जॉन्सन आले. त्यांनी ‘युरोपियन जर्नल ऑफ पॅरासायकॉलॉजी’मध्ये वेगळी वाट काढली: लेखकाने आधी प्रश्न, पद्धत आणि विश्लेषणाची योजना पाठवायची. ती पटली की निकाल काहीही येवो, पेपर छापायचा.

2019 मध्ये वाइझमन, वॉट आणि कॉर्नब्रॉट यांनी या जर्नलचे सतरा वर्षांचे पेपर तपासले. आधी नोंदवलेल्या अभ्यासांत ‘सिग्निफिकंट’ निकालांचं प्रमाण बरंच कमी होतं. अर्थात घाईने निष्कर्ष काढू नका. नोंदणी करायची की नाही हे लेखकच ठरवत होते, त्यामुळे दोन्ही गट मुळातच वेगळे असू शकतात. हा पुरावा सूचक आहे, निर्णायक नाही.

तुम्ही टेलिपथीवर काम करणार नाही हे उघड आहे. पण डेटा आल्यावर कुठला आउटलायर काढायचा, कुठली टेस्ट लावायची, हे ठरवण्याचा मोह तुम्हालाही होणारच. म्हणून सिनॉप्सिससोबत एक पानाची विश्लेषण-योजना लिहा, तारीख टाका, गाइडला मेल करा. नंतर बदल करावा लागला तर जरूर करा, फक्त थीसिसमध्ये तो बदल आणि त्याचं कारण लिहा.