एकट्यानं मोबाईल गेम बनवून विकता येतो, पण आधी हिशोब समजून घ्या

मोबाईलवर गेम खेळणारी पोरं गावोगाव आहेत. तसा गेम स्वतः बनवून विकता येतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं. कंपनी, ऑफिस काही नसलं तरी एकटा माणूस हे काम करू शकतो. पण पैसा कधी आणि किती येतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

पिक्सेल आर्ट म्हणजे काय?

भरतकामात चौकटी मोजून टाके घालतात, तसंच हे. पडद्यावर ३२ बाय ३२ चा तक्ता घ्यायचा, म्हणजे १,०२४ चौकटी. एकेक चौकट रंगवत चित्र उभं करायचं. मुंबईत गिरगावातली खोताची वाडी घ्या. तिथली जुनी घरं लाकडी, उतरत्या कौलांची, पुढे व्हरांडा, बाहेरून जिना. कौलांना दोन लाल, लाकडाला दोन तपकिरी, भिंतीला एक आणि सावलीला एक, अशा सहा रंगांत ते घर ओळखू येतं. आपल्या गावचा पार, वाडा, बैलगाडीही अशीच काढता येते. माणूस चालता दाखवायचा तर प्रत्येक दिशेला चार, म्हणजे चार दिशांना सोळा चित्रं लागतात.

साधनं कोणती?

चित्रांसाठी पिस्केल आणि गेम जुळवण्यासाठी गोडो, ही दोन्ही मोफत आहेत. कॉम्प्युटर मात्र हवा आणि कोडिंग थोडं थोडं शिकावं लागतं.

विक्री कशी होते?

गुगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. नवीन वैयक्तिक खातं असेल, तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. गावातले मित्र इथं कामी येतात. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर गुगल १५ टक्के कापतं. म्हणजे शंभर रुपयांमागे ८५ हातात, कर वेगळा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकदा फुकट ठेवलेला गेम नंतर विकत करता येत नाही. जाहिराती किंवा गेममधली खरेदी तेवढी जोडता येते.

किती वाट पाहायची?

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचाच गेम. आजोबांची पडीक शेती नातू सांभाळतो. अमेरिकेतल्या एरिक बरोन यांनी चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्यानं केलं. त्याला साडेचार वर्षं लागली. त्या काळात ते थिएटरात छोटी नोकरी करत होते. गेम २०१६ साली आला, अँड्रॉइडवर २०१९ मध्ये. २०२४ अखेर चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. पण असं यश हजारात एखाद्यालाही मिळत नाही. बहुतेक गेमचा खर्चही निघत नाही.

म्हणून शेती किंवा नोकरी सोडून यात उडी घेऊ नये. दुसऱ्याची चित्रं, गाणी उचलू नयेत. तक्रार आली तर गेम काढला जातो. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नये. 'पैसे द्या, आमच्या खात्यावरून गेम टाकतो' म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहावं, कारण खातं ज्याचं, पैसा त्याच्याच हातात जातो. सुरुवात एका पडद्याच्या छोट्या गेमपासून करावी आणि आधी तो पूर्ण करावा.