जुनी मॅटाडोर : इंजिन बदलावे की दुरुस्त करावे?



बेणे, खत आणि धर्माबादच्या बाजारात मिरची वाहिलेल्या जुन्या मॅटाडोर अजून काहींच्या दारात आहेत. गाडी ओढेना, धूर मारू लागली, की कुणीतरी म्हणतो, "दुसरं इंजिन टाका." घाई करू नका.

बऱ्याच मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या आराखड्याचे ओ.एम. ६१६ हे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यात हवा सुमारे २१ पट दाबली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणून आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते सारखे व पुरेसे असेल, तर एअर फिल्टर, नोझल आणि पंपाचे टायमिंग तपासा. कमी असेल, तर व्हॉल्व व रिंग-पिस्टनचे काम काढा. नुसते पंपाचे डिझेल वाढवू नका. काळा धूर होतो, इंजिन तापते.

खोडव्यात तुटाळ थोडी असली तर आपण नांग्या भरतो, फारच असली तर मोडून नवी लागण करतो. तसेच इथे. ब्लॉक तडकला किंवा क्रँक कामातून गेला, तरच इंजिन बदला, तेही शक्यतो त्याच जातीचे. वेगळे बसवले तर माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळे जुळवावे लागते. ताकद वाढते, ब्रेक मात्र जुनेच!

इंजिन नंबर आर.सी.वर असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लक्षात ठेवा : आधी आर.टी.ओ.ला विचारा, मग नोंद करून घ्या. नोंद नसली तर अपघातानंतर विमा अडू शकतो. गाडीत आपलीच माणसे बसतात.

— ऊस विकास अधिकारी