नडियादचा पंचनामा : १९८९ ची खोटी अटक आणि तिचे कागद

बडोद्याहून अहमदाबादकडे गाडीने निघालं की आणंदनंतर नडियाद येतं. सरदार वल्लभभाईंचं जन्मगाव, गोवर्धनराम त्रिपाठींचं गाव, संतराम मंदिराचं गाव, अशी आपल्याला त्याची ओळख आहे. वकिलांना मात्र नडियाद आठवतं ते दुसऱ्याच कारणाने. २५ सप्टेंबर १९८९ च्या रात्री तिथल्या पोलिसांनी तिथल्याच मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना बेड्या घातल्या. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर घडलेलं हे प्रकरण आज पन्नाशीच्या आतल्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून हे टिपण.

एन. एल. पटेल ऑक्टोबर १९८८ मध्ये नडियादला मुख्य न्यायदंडाधिकारी म्हणून आले. कोर्टाची समन्सं, वॉरंटं पोलीस वेळेवर बजावत नाहीत, आरोपपत्रं रेंगाळतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. त्यांनी वरच्या पोलीस अधिकाऱ्यांना तशी पत्रं लिहिली. तिथले पोलीस निरीक्षक एस. आर. शर्मा यांना हे रुचलं नाही आणि दोघांमधली तेढ वाढत गेली. त्या दिवशी एका रखडलेल्या आरोपपत्राचा विषय निघाला, तेव्हा शर्मांनी पटेलांना ‘ठाण्यावर येऊन कागद बघा’ असं सुचवलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पोलिसांची जीपही पाठवली. पटेल त्या जीपमधून गेले.

पुढे काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. पोलिसांचं म्हणणं, साहेब दारू पिऊन ठाण्यात आले आणि निरीक्षकांच्या अंगावर धावून गेले. पटेलांचं म्हणणं, आपल्याला जबरदस्तीने दारू पाजली, मारलं, बेड्या घातल्या आणि दोराने बांधलं. गुन्हा लावला तो दारूबंदीचा. हा १९४९ चा कायदा मुंबई राज्याचा, १९६० ला राज्याचे दोन भाग झाल्यावर गुजरातकडे तसाच आलेला.

आता पंचनाम्याकडे येऊ. पंच म्हणजे घटना डोळ्यांनी बघून सही करणारे तटस्थ लोक, अशी आपली समजूत. इथे पंच होते मामलतदार आणि अग्निशामक दलाचे एक अधिकारी. अशा वजनदार माणसांच्या सह्या असल्यावर कोण शंका घेणार? त्यानंतर पटेलांना बेड्या आणि जाड दोर अशा अवस्थेत सरकारी दवाखान्यात नेलं आणि लोकांना दिसतील असं बाहेर बाकावर बसवलं. त्यांचे फोटो काढले गेले, ते छापूनही आले. फोटोंनी अब्रू तर गेली, पण बेड्या आणि दोर नव्हतेच असं म्हणायची सोयही उरली नाही.

देशभर न्यायाधीश आणि वकील खवळले, ठिकठिकाणी वकिलांनी संप केले. दिल्लीच्या न्यायाधीशांच्या संघटनेसह अनेकजण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांच्याकडे चौकशी सोपवली. ११ सप्टेंबर १९९१ ला निकाल लागला. पोलिसांची हकिगत रचलेली आणि पंचनामा बनावट ठरला. शर्मांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला. बाकीचे पोलीस तर दोषी ठरलेच, पण जिल्हा पोलीस अधीक्षक आणि पंच म्हणून सही करणारे मामलतदारही सुटले नाहीत. पटेलांवरचे खटले रद्द झाले. खालच्या कोर्टाच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालय शिक्षा देऊ शकतं का, हा मुद्दा तिथे निघाला होता. ‘देऊ शकतं’ असं उत्तर याच निकालाने दिलं.

न्यायाधीशाला अटक करायची तर कोणती पथ्यं पाळायची, हेही त्यात सांगितलं आहे. जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवायचं, त्यांच्या आदेशाशिवाय ठाण्यात न्यायचं नाही, आणि वकील किंवा तोलामोलाचा न्यायाधीश हजर असल्याखेरीज पंचनामा वा वैद्यकीय तपासणी करायची नाही.

इथे साधा प्रश्न पडतो. हे झालं न्यायाधीशाचं. मांडवीतल्या रिक्षावाल्याचं काय? त्याच्यासाठी कोण संप करणार?

त्याच सुमारास सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्यातून फिरवलं गेलं. बेड्या सरसकट घालायच्या नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने निरीक्षकाने स्वतःच्या खिशातून दहा हजार रुपये भरावेत असा हुकूम केला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण ती सरकारने द्यावी असं ठरवलं. म्हणजे पैसे गेले तुमच्याआमच्या करातून. जबाबदारी नेमकी कोणाची, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

सामान्य माणसाच्या वाट्याला नियम आले ते थोडे उशिरा. १९९४ च्या जोगिंदर कुमार प्रकरणात न्यायालय म्हणालं, अटकेचा अधिकार आहे एवढ्यावर अटक योग्य ठरत नाही, तिची गरजही दाखवावी लागते. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अकरा अटी घातल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यातल्या बऱ्याच आहेत.

व्यवहारात त्यांचा अर्थ असा. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं. जागीच अटकेचा मेमो व्हायला हवा. त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही लागते. अटकेचं कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, चौकशीच्या वेळात वकिलाला भेटू द्यायचं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सहसा आधी नोटीस द्यायची, आणि तरीही अटक केली तर कारणं लिहून ठेवायची.

एवढं असूनही काही वाईट घडलं, तर पहिल्याच हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्याला तोंडी सांगा, अंगावरच्या खुणा दाखवा, तशी नोंद करायला लावा. वैद्यकीय अहवालाची प्रत मागा, ती अटक झालेल्याला मिळते. मेमोवर वेळ चुकीची घातली असेल तर सही करण्याआधी बोला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणं नेमा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. मानवी हक्क आयोग आणि उच्च न्यायालय हे रस्तेही आहेत. पण कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच येतो : लेखी काय आहे?

नडियादमध्ये खोटं रचलं गेलं ते पंचनाम्यावर. ते उलगडलं साक्षी-जबाबांतून आणि कागदांतून, कारण पटेलांच्या मागे अख्खी न्यायसंस्था उभी राहिली. तसं पाठबळ नसलेल्याला त्याचा मेमो आणि दवाखान्याचा कागद, एवढाच आधार. आपण मंडळात जुनी पत्रं, सनदा जमवतो. घरात कोणाच्या अटकेचे, जामिनाचे, सुटकेचे जुने कागद असतील तर लाज वाटून ते फाडू नका. प्रत काढून ठेवा, आणि हरकत नसेल तर एक आम्हालाही द्या.