‘डोस्क्यात शिरत न्हाई’

१९९१ साली साक्षरता अभियानात मी आमच्या वस्तीत रात्रीचा वर्ग घेत असे. दिवसभर खुरपून आलेली एक मावशी पाटीवर ‘क’ गिरवता गिरवता थांबली आणि म्हणाली, ‘‘मास्तर, डोस्क्यात शिरत न्हाई. आपल्या जातीच्या डोस्क्यात देवानं इद्याच घातली न्हाई.’’ मी फुले-आंबेडकरांचा दाखला दिला. तिने मान हलवली, पण तिला ते पटले नव्हते. जिला जात्यावरच्या शेकडो ओव्या तोंडपाठ, तिने स्वतःच्या मेंदूविषयी असा निवाडा द्यावा, ही मनूची खरी करामत होय.

तिच्या त्या वाक्याला मेंदूशास्त्रातूनही उत्तर आहे, हे मला फार उशिरा कळले. स्तानिस्लास दहान हे पॅरिसमधील फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ. त्यांचा मुद्दा साधा आहे. बोलणे ही माणसाची फार प्राचीन शक्ती. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या अल्प काळात वाचनासाठी वेगळा मेंदू उत्क्रांत होणे शक्यच नाही. म्हणून वाचायला शिकणारा प्रत्येक मेंदू, मग तो भटजीच्या मुलाचा असो की महाराच्या, वस्तू आणि चेहरे ओळखणारी जुनीच यंत्रणा अक्षरांच्या कामाला जुंपतो. ही जागा डाव्या मेंदूच्या मागच्या भागात, खालच्या अंगाला असते. जन्मतः वाचनाचा मेंदू कोणालाच मिळत नाही. ‘आमच्या रक्तातच विद्या आहे’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावे.

दहान, लोराँ कोएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगाल व ब्राझीलमधील ६३ प्रौढांचे मेंदू त्यांनी एम.आर.आय. यंत्राने तपासले. त्यांत १० निरक्षर, २२ प्रौढपणी अक्षर शिकलेले आणि ३१ बालपणापासून शाळेत गेलेले. निरक्षर राहिलेल्यांच्या मेंदूत काही दोष नव्हता. गरिबीने त्यांना शाळेपासून दूर ठेवले होते. साक्षरांत ती अक्षरांची जागा वाक्य पाहताच जागी होई. इतकेच नव्हे, बोललेले शब्द ऐकतानाही त्यांच्या मेंदूतील ध्वनीचे केंद्र अधिक जोमाने काम करी. आणि हे बदल बव्हंशी प्रौढपणी शिकलेल्यांतही आढळले. त्यांच्या वाचनाला लहानपणी शिकलेल्यांचा वेग नव्हता, ही गोष्ट मात्र लपवू नये. उशिराची किंमत मोजावीच लागते, आणि ती कोणी लादली हे वाचकांना सांगायला नको.

येथे एक सावधगिरी. अशा संशोधनाचा ‘निरक्षराचा मेंदू कमी दर्जाचा’ असा अर्थ काढणारे पंडित निघतीलच. १९७९ मध्ये जुझे मोराइश व सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये दाखवले होते की शब्दातला पहिला सुटा ध्वनी काढून टाकायला सांगितले तर निरक्षरांना ते साधत नाही; प्रौढपणी शिकलेल्यांना साधते. पण पुढच्याच प्रयोगांत यमक ओळखणे, शब्दाचे अवयव पाडणे ही कामे निरक्षरांना पुष्कळ बरी जमली. म्हणजे ध्वनी सुटा करणे ही बुद्धी नव्हे, रोमन वर्णमालेने हाती दिलेले हत्यार आहे. यमकाविषयी तर आमच्या मावशीची परीक्षा घ्यायला कोणी येऊ नये.

मेंदूच्या शास्त्राकडे आपण डोळे झाकून पाहावे असे मी म्हणत नाही. १८६१ साली वाचेचे केंद्र दाखवून देणारा पॉल ब्रोका हाच कवट्या मोजून मानववंशांची उतरंड लावीत होता. त्याच परंपरेतून नाक मोजण्याचे माप रिस्लेने हिंदुस्थानात आणले व त्यावर जातींची प्रतवारी केली. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांचीच मापे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत हे दाखवले. आकड्यांना घाबरायचे नसते, ते उलटून विचारायचे असतात.

हे पोर्तुगालचे झाले, आपल्या लिपीचे काय, असे कोणी विचारील. फाल्क ह्यूटिग, मिखाएल श्काइडे आदींनी लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया होत्या, सहा महिने देवनागरी शिकवली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता राहिला नव्हता. थॅलॅमस व मेंदूच्या देठापर्यंत, दृष्टीच्या जुन्या केंद्रांपर्यंत तो पोचला होता. वाचन शिकल्याने चेहरे ओळखण्याची शक्ती हटते की काय, अशी शंका दहानांच्या अभ्यासाने निर्माण केली होती. उत्तर प्रदेशातच झालेल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात तसे काही आढळले नाही. अक्षर आले म्हणून माणूस ओळखायचे राहत नाही.

सहा महिने. आमचा वर्ग चौथ्या महिन्यात बंद पडला. रॉकेलचे पैसे थांबले, पुढची वाचनपुस्तिका आलीच नाही, आणि वर अहवाल गेला की वस्ती साक्षर झाली. मावशी तेव्हा जोडाक्षरांपर्यंत आली होती. स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि ‘भीमराव’ एवढे ती न अडखळता वाची.